उरलेला जोर

कुठल्याही नळीतून पाणी बाहेर पडताना दिसलं, की जोरबाई आधी त्याच्यापुढे हात धरायच्या. सोसायटीत टँकर रिकामा होत असो, हॉटेलातलं कारंजं असो, नाहीतर भर रस्त्यात फुटलेली पाइपलाइन असो. लोक ओरडत बाजूला पळायचे आणि बाई ओढणी कमरेला बांधून पुढे. तळहात आडवा धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि जवळ जो कोणी उभा असेल त्याला विचारायच्या, "एवढा जोर उरलाय, त्याचं काय करता?" तो बिचारा काय सांगणार! मग तशाच कोपरापर्यंत भिजलेल्या हातानं ऑफिसात यायच्या आणि हजेरीच्या यंत्रावर ओला अंगठा टेकवायच्या. यंत्र काही तो घ्यायचं नाही. बाई शांतपणे अंगठा पुसत, फुंकत बसायच्या आणि मागे आम्हा सगळ्यांना लेटमार्क.

जोरबाई हे नाव मी ठेवलं. यात अभिमानाचं काही नाही, निव्वळ कुजकटपणानं ठेवलं होतं. वाटलं, बाई चिडतील. तर आठ दिवसांत अख्खं ऑफिस त्यांना प्रेमानं जोरबाई म्हणायला लागलं, आणि महिनाभरात त्या स्वतःच फोनवर "हां, जोरबाई बोलतीय" म्हणायला लागल्या. म्हणजे मी टोमणा मारायचा आणि त्याचंही बाईंनी कौतुक करून घ्यायचं! माझं नशीबच तसं.

आता लपवून काय करायचंय? मी या बाईवर पंधरा वर्षं जळलो. आडवळणानं नाही, सरळ, दररोज, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. रविवारी घरून जळायचो. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, आज तुम्ही त्यांचं नाव सात वेळा घेतलंत. मी मोजत होते. माझं एकदाही नाही, पण माझं राहू द्या, वरणात मीठ कमी आहे हेसुद्धा नाही म्हणालात."

आमचं ऑफिस कोथरूडला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. काम पाण्याचं. गावांच्या, शहरांच्या पाणीयोजनांचे आराखडे करायचे आणि ही यंत्रणा घ्या, ती घेऊ नका, असा सल्ला द्यायचा. मी तिथे रुजू झालो तो आखातात चार वर्षं काढून. तिथे समुद्राचं पाणी उकळून गोडं करण्याचे प्रचंड कारखाने असतात, त्यातल्या एकात मी होतो. परत आलो तेव्हा आमच्या ऑफिसात समुद्र जवळून पाहिलेला मी एकटाच होतो. "आखातात आम्ही काय करायचो..." असं मी म्हटलं की लोक खुर्च्या वळवून ऐकायचे. मग दोन वर्षांनी जोरबाई आल्या आणि खुर्च्या त्यांच्याकडे वळल्या.

त्या हडपसरच्या. हडपसर गाव होतं तेव्हाच्या. घरची शेती, विहीर, विहिरीवर मोटर. लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना एक काम लावून दिलं होतं. मोटर सुरू झाली की पाटाच्या तोंडाशी उभं राहायचं, पाण्यापुढे हात धरायचा आणि जोर किती आहे ते ओरडून सांगायचं. जोर कमी म्हणजे खाली जाळीत कचरा अडकला, जोर मधेच तुटतोय म्हणजे विहिरीत पाणी संपत आलं. त्या हातावर बाई पुढे इंजिनीअर झाल्या. विहिरीच्या जागी आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. हे सांगताना त्या हळहळत नसत. फक्त म्हणायच्या, "तिथली लिफ्ट खाली येताना केवढा जोर वाया घालवते, बघितलंय का कोणी?"

बोलणं एरवी आपल्यासारखंच, नीटनेटकं. पण गणित रंगात आलं की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. आणि मला 'दादा' म्हणायच्या. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी बाई, भर मीटिंगमध्ये "दादांचं काय म्हणणं हाय?" असं विचारते, तेव्हा माणसानं तोंड कसं करायचं?

आमच्या अहवालांची भाषा इंग्रजी. बाईंचं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी कामापुरतं. आमचे थोरले साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, त्यांना म्हणाले, "भाषा जरा यांच्याकडून बघून घेत जा." म्हणून दर शुक्रवारी बाई आपला मसुदा छापून माझ्या टेबलावर ठेवायच्या. "बघा हो दादा, काही चुकलंय का." मला भाषा बघायला सांगितली होती, मी आकडे बघायला लागलो. लाल पेन घेऊन बसायचो आणि चूक सापडल्याशिवाय उठायचो नाही. इतकं मन लावून मी स्वतःचे अहवालही कधी वाचले नाहीत. कुठे एकक चुकलंय, कुठे नळाच्या आतल्या व्यासाऐवजी बाहेरचा धरलाय. सापडलं की सोमवारच्या मीटिंगमध्ये, चारचौघांत, ठणकावून सांगायचो. बाई वहीत लिहून घ्यायच्या. "बरोबर हाय दादांचं. बरं झालं बघितलंत." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मसुदा दुरुस्त व्हायचा, अहवाल उत्तम व्हायचा आणि शाबासकी बाईंना मिळायची. मी मात्र नव्या दमानं पुढच्या शुक्रवारची वाट बघायचो.

मग ते काम आलं. कोकणातलं एक शहर. नाव सांगत नाही. धरण लांब, उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी आणि समोर अथांग समुद्र. समुद्राचं पाणी गोडं करून अख्ख्या शहराला पुरवायचं, त्यासाठी कोणती यंत्रणा घ्यावी, हे आम्ही सांगायचं होतं. यात खरा खर्च यंत्राचा नसतो, विजेचा असतो. यंत्र एकदा घेतलं की झालं, वीज पंचवीस वर्षं रोज लागते. चुकीची यंत्रणा सांगितली तर पाणी येतं, पण बिल बघून पालिका ती बंद ठेवते आणि लोक पुन्हा टँकरच्या रांगेत.

रस्ते दोन. एक माझा. पाणी तापवायचं, वाफ करायची, वाफ थंड करून गोडं पाणी मिळवायचं. शेजारी वीजकेंद्र होतं, त्याची वापरलेली वाफ आयती मिळणार होती. दुसरा बाईंचा. खारं पाणी प्रचंड दाबानं एका बारीक पडद्यातून ढकलायचं. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या वीस-पंचवीसपट दाब. मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे जातं. थोरल्या साहेबांनी आम्हा दोघांना वेगवेगळे अहवाल करायला सांगितले. वर म्हणाले, "शहराचे लोक ज्याची शिफारस मान्य करतील, तो प्रकल्पप्रमुख." मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "आणि माझ्यानंतर ऑफिसही त्यानंच बघावं, असं आपलं मला वाटतं."

मला ती खुर्ची हवी होती. मी आखातातून आलो तेव्हापासून हवी होती. तिच्या उशीचा रंग कोणता बदलायचा हेही माझं ठरलेलं होतं.

पहिल्याच चर्चेत मी वाफेचं पान उघडून म्हटलं, "ही ऊर्जा जवळजवळ फुकट आहे." बाईंनी मान वर केली. "फुकट कशी दादा? ती वाफ वीजकेंद्रात अजून थोडी फिरली असती तर तिची वीज झाली असती. ती वीज आपण खाल्लीच की." मी म्हटलं, आखातात असंच करतात. त्यावर बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे तेल हाय. आपल्याकडे बिल हाय." सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

मग बाईंनी आपली युक्ती सांगितली. त्यांच्या पद्धतीत समुद्राचं जेवढं पाणी आत ढकलायचं त्यातलं निम्म्याहून कमी गोडं होतं. बाकीचं जास्त खारं होऊन परत समुद्रात जातं. "पण जाताना ते जवळजवळ सगळा दाब घेऊन जातं," बाई म्हणाल्या आणि आपला तळहात आडवा धरला. "एवढा जोर समुद्राला का द्यायचा? जाणाऱ्या पाण्यानं येणाऱ्या पाण्याला ढकलायचं. त्याची यंत्रं मिळतात. त्यावर वीज निम्म्यावर येते." आणि माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "चहा गाळायला कोणी चहा परत उकळतं का दादा?"

त्या आठवड्यात मी घरी चहा प्यायलो नाही. बायकोनं कारण विचारलं नाही, तिला ऑफिसातून कळलं असावं.

डिसेंबरात आम्ही दोघं जागा बघायला गेलो. बाई समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. किनाऱ्यावर उतरल्या, थेट पाण्यात गेल्या आणि लाटेपुढे हात धरला. लाटेनं बाईंनाच पाडलं. उठल्या त्या तोंडातली वाळू थुंकत, हसत. "दादा, हितं तर जोरच जोर हाय हो!" मी किनाऱ्यावर कोरडा उभा होतो आणि मनापासून खूश होतो. मग आम्ही पाण्याचे नमुने घेतले. निळंशार, स्वच्छ पाणी. जानेवारीत पुन्हा गेलो, पुन्हा तसंच. पुण्याच्या माणसाचा समुद्र हा सुट्टीतला समुद्र असतो. दिवाळीत नाहीतर नाताळात जायचं, पाय भिजवायचे, मासे खायचे आणि घाट चढून परत यायचं. समुद्राला बाराही महिने एकच चेहरा असतो, असं आपण धरूनच चालतो. बाईंनी ते धरलं. मीही धरलं.

पुढचे सहा महिने गणितात गेले. मीटिंग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. त्याच्या आधीच्या शुक्रवारी बाईंचा शेवटचा मसुदा माझ्या टेबलावर आला आणि मी तो घरी नेला. रविवारी दुपारी मी तो तिसऱ्यांदा चाळत होतो. सापडत काही नव्हतं. बाईंनी वीज, दाब, पडद्यांचं आयुष्य, सगळं चोख केलं होतं. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. ती कोकणातली, तिचं माहेर त्याच शहरापासून तीन-चार खाड्या पलीकडे. तिनं सहज पानात डोकावून विचारलं, "हे पाणी कधी घेतलंत?"

"डिसेंबर, जानेवारी."

"आणि पावसाळ्यात काय करणार?"

"पावसाळ्यात काय?"

"अहो, आत्ता बघा जाऊन! खाडी नुसती लाल. डोंगराची सगळी माती समुद्रात. श्रावण सरेपर्यंत पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत आमच्याकडे."

मी ताडकन उठून बसलो. वाफेच्या पद्धतीत गढूळ पाण्यानं फारसं अडत नाही. पण बाईंचा पडदा! त्यावर माती बसली की तो तुंबणार, दाब वाढवावा लागणार, वीज चढणार, पडदे बदलावे लागणार. बाईंचा अख्खा हिशेब दोन महिने कोलमडणार होता. आणि मीटिंगला येणारे लोक त्याच किनाऱ्यावरचे. पहिला प्रश्न हाच येणार. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा असं मोठं घबाड सापडलं होतं आणि पहिल्यांदाच ते लाल करावंसं वाटेना. मी डोळे मिटून बघितलं. बाई उभ्या आहेत, कोणीतरी पावसाळ्याचं विचारतंय आणि बाईंना उत्तर सुचत नाहीये.

पेन उचललं. शेवटच्या पानावर दोनच शब्द लिहिले. "ठीक आहे."

सोमवारी बाईंनी मसुदा घेतला. शेवटचं पान उघडलं. ते दोन शब्द वाचले. मग पहिल्यापासून एकेक पान उलटलं. कुठेच लाल नाही. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"कुठंच काही नाही?"

"नाही हो. ठीक आहे."

बाईंनी शेवटचं पान पुन्हा एकदा उघडून बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. दुपारी त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली. मला वाटलं, घरात काही कार्य असेल.

दोन दिवसांनी बायकोनं विचारलं, "ते लाल पाण्याचं सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या."

बायको "हं" म्हणाली. तिचं 'हं' मला लग्नापासून कधी नीट कळलेलं नाही, पण त्या दिवशीचं जरा लांब होतं.

मीटिंग आमच्याच ऑफिसात झाली. शहराकडून चारजण आले होते. त्यांच्यात पाणीपुरवठ्याचे एक जुने इंजिनीअर होते. शांत गृहस्थ, सगळं ऐकायचे आणि मिशीत बोलायचे. मी आधी बोललो. चांगलं बोललो. त्यांनी एकच विचारलं, "वीजकेंद्र दुरुस्तीला बंद असेल, तेव्हा आमच्या लोकांनी काय प्यायचं?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझं सगळं लक्ष बाईंच्या पाळीकडे लागलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. पिशवीतून एक बाटली काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. आत लाल, गढूळ पाणी.

"ही माझ्या अहवालातली सगळ्यात मोठी चूक," बाई म्हणाल्या. "मी हडपसरची. समुद्र पहिल्यांदा बघितला तो डिसेंबरात, आणि तोच खरा धरून बसले. चार दिवसांपूर्वी तुमच्या किनाऱ्यावर जाऊन हे भरून आणलं. यात माझे पडदे तुंबतात." मग त्यांनी उपाय सांगितला. पाणी घ्यायचं ते खाडीच्या तोंडापासून लांब आणि खोलवरून, पडद्याच्या आधी गाळ बसवायची आणखी एक पायरी. त्यानं वीज किती वाढेल तो आकडा कोणी विचारायच्या आत स्वतःच फळ्यावर लिहिला. वाढूनही तो माझ्या आकड्याच्या खूप खालीच होता. वर म्हणाल्या, "आणि पावसात तुमच्याकडचं पाणी जरा कमी खारट असतं, तेवढा जोर वाचतो." मी खणलेल्या खड्ड्यातूनसुद्धा बाईंनी दोन बादल्या पाणी काढलं होतं.

जुने इंजिनीअर पहिल्यांदाच मिशीबाहेर हसले. "पुण्याहून आलेल्या कोणी आजवर आमचा पावसाळा विचारला नव्हता," ते म्हणाले.

"माझं कसलं डोकं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे हात केला. "दादांच्या शेऱ्यामुळे मला हे सुचलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! जुने इंजिनीअर उठून आले, माझा हात हातात घेतला. "प्रतिस्पर्ध्याची चूक दाखवायची, याला मोठं मन लागतं हो." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला का वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. कुठला शेरा? मी तर "ठीक आहे" लिहिलं होतं. बाई टोमणा मारत होत्या, की भोळेपणानं बोलत होत्या? चेहऱ्यावरून काही कळेना. थोरल्या साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा मला मीटिंग सोडून घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

शिफारस बाईंची मान्य झाली. खुर्ची त्यांना मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला, "दादांची लाल सही असल्याशिवाय कुठलंही गणित बाहेर जायचं नाही." चार वर्षं प्रकल्प चालला आणि चार वर्षं मी त्यांचा कागदन् कागद तपासला. जळतच तपासला. पण एक झालं. चूक सापडली की लगेच लिहायचो, मोठी असली तर दोनदा अधोरेखित करायचो. "ठीक आहे" हे शब्द मी पुन्हा कागदावर आणले नाहीत. माझी हिंमतच नव्हती.

कारखाना सुरू झाला त्या दिवशी पाहुणे गोड्या पाण्याच्या नळापाशी फोटो काढत होते. बाई मला ओढत मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे खारं पाणी परत समुद्राकडे जात होतं. बाईंनी ओढणी कमरेला बांधली, हात पुढे धरला. पाणी त्यांच्या बोटांवरून नुसतं ओघळलं. "धरा तुम्ही," म्हणाल्या. मीही धरला. जोर नव्हताच. आत येणाऱ्या पाण्यानं तो सगळा काढून घेतला होता. मी एवढी वर्षं या धंद्यात, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यापुढे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा धरला. बाई लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघत होत्या. आणि खरं सांगतो, तेव्हाही पोटात दुखलंच. हे मी केलेलं नव्हतं.

पुढे बाईंनी ऑफिस सोडलं. शहरानं त्यांना कारखाना सांभाळायला बोलावलं होतं आणि त्यांना पाण्याजवळ राहायचं होतं. निरोपाला लाडू, शाल, भाषणं झाली. मीही भाषण केलं, बरं झालं म्हणतात. मग त्यांची बॅग पुढ्यात ठेवून, त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी स्वारगेटला सोडायला गेलो. बस लागायची होती. आम्ही एका बाकावर बसलो. माझ्याच्यानं राहवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "त्या लाल पाण्याचं मला आधीच माहीत होतं."

"माहीत हाय," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही 'ठीक आहे' लिहिलंत तेव्हापासून." बाई शालीची घडी नीट करत होत्या. "अकरा वर्षांत तुम्ही मला कधी ठीक म्हणाला नव्हता. एवढ्या पानांत दादांना एक स्वल्पविराम सापडू नये? म्हटलं, काहीतरी इतकं मोठं सापडलंय, की या माणसाला ते लपवावंसं वाटलं. मग मी सगळं पुन्हा वाचलं, तुम्ही वाचता तसं जळून. तरी सापडेना. मग विचार केला, दादांना असं काय कळतं जे मला कळत नाही? तर एकच. वहिनींचं माहेर."

"म्हणजे?"

"वहिनींना फोन केला. त्यांनीच सांगितलं. ते तीन दिवस मी तुमच्या सासुरवाडीलाच होते की! सासूबाईंनी फार केलं माझं. फक्त मासे मिळाले नाहीत. पाणी गढूळ होतं ना, होड्या गेल्या नव्हत्या."

मला ते लांब 'हं' आठवलं. चार वर्षं माझी बायको, सासू आणि ही बाई, तिघींना सगळं माहीत होतं, आणि मी प्रत्येक दिवाळीला त्या घरात ताठ मानेनं पाटावर बसत होतो!

"मग सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलंत? रागावला नाहीत?"

"रागावले ना. दोन दिवस तर तुमचं तोंड बघू नये असं वाटलं." बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "पण दादा, माझ्या कामावर तुमच्याइतका जीव कोणी काढला? साहेब पहिलं पान वाचायचे. बाकीचे तेवढंही नाही. ओळन् ओळ वाचायचात ते तुम्ही. का वाचायचात ते मला ठाऊक होतं. जळत होता म्हणून वाचायचात. तुमचं ते जळणं तसंच सोडून दिलं असतं, तर नुकसान माझंच होतं. एवढा जोर वाया कोण घालवतं?"

बस लागली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. कोणी माझी इतकी वर्षं चालवलेली चोरी पकडली होती आणि वर त्याबद्दल आभार मानत होतं. बस हलताना त्या ओरडल्या, "जळत राहा हो दादा! तिकडं असं माणूस मिळायचं नाही!" आजूबाजूचे प्रवासी माझ्याकडे बघायला लागले. मी स्कूटर काढली आणि कोथरूडपर्यंत डोळे पुसत आलो.

आता ती खुर्ची माझ्याकडे आहे. उशीचा रंग बदलला. माझे मसुदे मी ऑफिसातल्या तरुण मंडळींना वाचायला देतो. दहा मिनिटांत परत येतात. "सर, सुपर!" आणि अंगठ्याचं चित्र. हुशार पोरं आहेत, पण माझ्यावर जळावं असं त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नाही. अंगठा बघितला की मी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतो. परवा तर बायकोला वाचायला दिलं. तिनं वाचून "हं" म्हटलं. मी दोन दिवस चूक शोधत होतो.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी बाईंचा मसुदा आला. कारखाना वाढवायचा आहे, त्याचा. खाली लिहिलं होतं, "बघा हो दादा, काही चुकलंय का." मी छापून घेतला, लाल पेन काढलं आणि बसलो. एकदा वाचला, दोनदा वाचला. काय काम केलंय बाईंनी! पावसाळा, भरती, पडदे, वीज, सगळं जागच्या जागी. प्रत्येक पानावर मी मनातल्या मनात म्हणत होतो, हे मला का सुचलं नाही? पोटात अगदी जुन्यासारखं दुखत होतं. तिसऱ्यांदा वाचला. चूक नव्हती.

पण तसं लिहिणार कसं? "ठीक आहे" म्हटलं असतं, तर या वयात बाई पुन्हा तीन दिवस एसटीनं वणवण फिरल्या असत्या. सोमवारी रजा टाकली. मंगळवारी दुपारी, एकशे बाराव्या पानावर, एका तक्त्याच्या खाली एक पूर्णविराम दोनदा पडलेला सापडला. मी त्याच्याभोवती मोठं लाल वर्तुळ काढलं, दोनदा अधोरेखित केलं आणि त्या पानाचा फोटो लगेच बाईंना पाठवून दिला.

पाचच मिनिटांत उत्तर आलं. "बरोबर हाय दादांचं. आता झोप लागंल."